नऊ रात्रींची वाघर

कृष्णात लेंगरेच्या वाघरीत दोन खुणांची मेंढरं बसायची. रात्रीला मेंढरं कोंडायची ती सुतळीची जाळी, तिला वाघर म्हणायचं. त्या एका जाळीत कृष्णातची मेंढरं निराळी आन मंगलची निराळी. कृष्णातच्या मेंढरांच्या डाव्या कानाला गोल भोक. मंगलनं लग्नात संगं आणलेल्यांच्या उजव्या कानाला दोन चिरा, चिमणीच्या शेपटीगत.

ती शेपटीची खूण अर्जुनाची. अर्जुना हाके, मंगलचा पहिला मालक. तो नाहीसा होऊन एकोणीस वर्षं झाली, तिचा कृष्णातशी पाट लागला त्यालाही सतरा झाली, एक लेक झाली, संयोगिता, ती सांगलीला वसतिगृहात राहून बारावी करायला लागली. पर मंगलच्या मेंढीला कोकरू झालं की ती चाकू तापवायची आन दोन चिरा आपल्या हातानं मारायची. कृष्णातला कान धरूसुदिक द्यायची न्हाई.

एकदा तो म्हणाला होता, आता घर एक हाय तर खूणबी एकच करू. तिनं हातातलं काम न सोडता सांगितलं, "पळून त्यो गेला. मेंढरं न्हाईत पळाली."

त्यावर कृष्णात गप बसला, कारण त्या बोलण्यात त्याच्या पोटाला थंडावा देणारा एक शब्द होता. पळून. मंगल अर्जुनाचं नाव घ्यायची न्हाई. विषय निघालाच तर "त्यो पळपुटा" म्हणायची. तेवढं ऐकलं की कृष्णातला त्या दिवशीची भाकर गोड लागायची. पर कान दिसले की परत जळायचा. मेंढरं चाळीस, त्यातली बावीस चिरांची. दिवसातनं बावीस येळा अर्जुना त्याच्याकडं कान हलवून बघायचा.

त्या साली पावसानं जत तालुक्याला पाठ दाखवली होती. शाळू गुडघ्याएवढा होऊन वाळला. पाणी टँकरनं, तेबी दोन दिसाआड. कातरणीच्या आदी मेंढरं धुवायची असतात, पर माणसाला आंघोळ न्हाई तिथं मेंढराला कुठली. तशीच कातरायला घेतली. लोकर मातीनं भरलेली, तिसऱ्या मेंढराला कातरीची धार जायची. कृष्णातच्या दातात कचकच, बोटांच्या पेरांना फोड. आन एक त्याची वाईट खोड होती. चिरांचं मेंढरू मांडीखाली आलं की त्याची कातर जरा कातडीला लागायची. मुद्दाम म्हणावं तर न्हवं, आन चुकून म्हणावं तर भोकाच्या मेंढरांना कदी लागायची न्हाई. मंगल हळदीची वाटी घेऊन बसायची आन कापल्या जागी बोट लावायची.

असं चाललेलं असतानाच वस्तीवर पोलिसांची जीप आली.

जीपमधनं एक तरणी फौजदारीण उतरली. राजनंदिनी नाव, आष्ट्याकडची, उसाच्या घरातली. संगं एक हवालदार. बाई बाजेवर न बसता लोकरीच्या ढिगाशेजारी दगडावर बसली, तवाच कृष्णातला ती धोक्याची वाटली. खुर्ची मागणारा साहेब बरा असतो, त्याला लवकर जायचं असतं.

बाईनं सांगितलं, जुने न सुटलेले खून वरच्या साहेबांनी परत काढायला लावलेत. तिच्या वाट्याला सात फायली आल्या, त्यातली ही एक. अर्जुनाची आई धोंडुबाई, तीन घरं सोडून राहणारी, तिनं एकोणीस वर्षांत एकोणीस अर्ज केले होते. दर चैताला एक. माझं पोरगं पळालं न्हाई, मारलं हाय, एवढंच त्यात. अर्ज लिहिणारे बदलले, मजकूर तोच.

हे कृष्णातला ठाऊक होतं. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. म्हातारीला येड लागलंय म्हणून लोक सोडून देत.

बाईनं फाईल उघडली. त्यात कृष्णातचा तवाचा जबाब होता. तिनं वाचला, आन मंगलनं चहाचा टोप घेऊन उंबऱ्यातच पाय रोवले. नवऱ्यानं जबाब दिला होता हे तिला माहीत होतं, त्यात काय होतं ते तिनं कदी ऐकलं नव्हतं.

"सदर इसम अर्जुना हा सायंकाळचे सुमारास माझे समक्ष वाड्याकडे गेला. त्यानंतर मी त्यास पाहिले नाही."

बाईनं मान वर केली. "काका, ह्या एका ओळीवर आमच्या लोकांनी तुमच्या गावच्या पाटलाचा वाडा उकरला. फरशा काढल्या, धान्य साठवायचं बळद फोडलं. पाटील तीन दिवस आत बसून आला. चराईवरनं त्याचं आन अर्जुनाचं भांडण झालेलं, म्हणून सगळ्यांना खरं वाटलं. पण म्हातारीच्या अर्जात हाय की त्या दिवशी तुम्ही कडेगावच्या रस्त्याला होता. कडेगाव हितनं शंभर किलोमीटर. मग अर्जुना पाटलाच्या वाड्याकडं जाताना तुम्ही बघितला कुठनं?"

कृष्णातनं कातर दगडावर घासायला घेतली. लय वर्षं झाली, म्हणाला, आठवत न्हाई.

चहा वतायचा राहिला. मंगल पुढं आली, टोप खाली ठेवला.

"बाई, तुमच्याकडं वाडा म्हंजी काय?"

"वाडा म्हणजे वाडा. पाटलाचा, इनामदाराचा."

"आमच्यात न्हाई तसं. आमी मेंढरं घिऊन मुलुखाला जातो न्हवं, धा-बारा घरं, घोडी, पोरंबाळं, सगळी मिळून. त्याला आमी वाडा म्हणतो. माणूस वाड्यावर गेला म्हंजी मेंढराकडं गेला."

बाईचं पेन थांबलं. हवालदार मिरजेचा, त्यानं "आयला" म्हणून तोंडावर हात धरला.

"जबाब कुणी लिहिला होता?" बाईनं इचारलं.

तवाचा फौजदार नागपूरच्या पल्याडचा होता, कृष्णात म्हणाला. त्याला आपली बोली कळायची न्हाई. आन आपल्याला कुठं वाचता येतंय. अंगठा लावला.

"पण पाटलाला उचलून नेला तेव्हा तुम्हाला कळलं असंल की."

कातर दगडावर घासत राहिली. बाईनं जास्त ताणलं न्हाई. उद्या सकाळी येते म्हणाली, त्या वेळी वाडा ज्या रानात उतरला होता ते दाखवा. जाताना तिनं गार झालेला चहा मात्र सगळा प्याला.

जीप गेली. मंगल लोकर भरायला बसली. कृष्णातनं तेवढ्यात दोन मेंढरं कातरली, एकालाबी जखम केली न्हाई.

मग तिनं इचारलं, "चिंचलीच्या जत्रंत त्येंना कुणी बघितलं व्हतं?"

कृष्णातचा हात तिथंच थांबला. प्रश्नामुळं न्हवं. त्येंना. एकोणीस वर्षं जो "त्यो" होता, तो एका दुपारात "त्ये" झाला. कृष्णातला वाटलं, आपल्या अंगणात कुणीतरी येऊन बसलं आन आपल्याला उठून जागा द्यावी लागली.

"वस्तीवरल्या अण्णाप्पानं बघितलं व्हतं," तो म्हणाला. "मायाक्काच्या देवळामागं. एक कानडी बाई व्हती संगं. तवाच सांगितलं न्हाई का तुला."

"अण्णाप्पा वारला."

"वारला म्हणून काय खोटं झालं?"

"मी कुटं खोटं म्हणते," मंगल म्हणाली आन पोतं शिवायला लागली.

आता खरं काय होतं ते सांगतो. त्या साली कृष्णात, अर्जुना दोघंबी कोंडीबा गडदेच्या वाड्यात होते. मंगल सासूपाशी वस्तीवर राहिलेली. कोंडीबा वाड्याचा कारभारी. कुठल्या गावाला जायचं, कुणाच्या रानात उतरायचं, सगळं त्याच्या शब्दावर. कडेगावच्या अलीकडं दादासो कदमाच्या रानात वाडा उतरला होता. तवा तिकडं पाणी आलं नव्हतं, शाळूचं रान. मेंढरं बसवायची, लेंडीखत पडायचं, रानवाला ज्वारी द्यायचा.

कृष्णात घोडी घेऊन वस्तीकडं निघाला होता, बाजार आणायला. वाटंत अर्जुना भेटला, उलटा येत होता. डोळे लाल. तीन मेंढ्या हरवल्या म्हणून तो आठ दिवस हिंडत होता, आन त्या तिन्ही त्याला कोंडीबाच्या कळपात दिसल्या होत्या. उजवा कान बुडातनं कापून टाकलेला. खूणच न्हाई तर वळखायची कशी. पर धनगर मेंढरू तोंडावरनं वळखतो, कानावरनं न्हाई. "आज वाड्यावर जाऊन सगळ्यांम्होरं इचारतो त्येला," असं म्हणून अर्जुना गेला. तोच त्याचा शेवट.

कृष्णात पाचव्या दिवशी परत आला. कोंडीबा म्हणाला, अर्जुना भांडून कर्नाटकात गेला. आन कृष्णातनं एक गोष्ट बघितली. वाघर जिथं होती तिथंच होती.

मेंढरांची वाघर रोज सरकती. आज हितं, उद्या पलीकडं, म्हंजे खत रानभर सारखं पडतं. एका जागी दोन रात्री बसली तर रानवाला शिव्या घालतो. कोंडीबाची वाघर एका जागी नऊ रात्री होती. दोन हजार पायांनी ती जागा अशी तुडवली की पहारंनं उकरावी. एवढं तुडवायचं कारण काय असतं ते धनगराच्या पोराला सांगावं लागत न्हाई.

कृष्णात बोलला न्हाई. कोंडीबाच्या भ्यानं म्हणावं, तर तेबी थोडं होतंच. पर आतल्या बाजूला दुसरंच होतं. मंगलला बघायला आदी कृष्णात गेला होता. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मग अर्जुनाचं स्थळ आलं, त्याची साठ मेंढरं, त्याचं गजी नाचणं, आन मंगलच्या बापानं तोंड फिरवलं. लग्नात कृष्णातनं पंगतीला वाढलं होतं. अर्जुनाच्या पत्रावळीवर शाक वतताना अर्जुना हसून म्हणाला होता, "वाड गड्या, तुझ्या हातानं चव लागती." त्याच्या मनात काय नव्हतं, तो तसाच होता. पर कृष्णातला ते हसणं जन्मभर पुरलं.

फौजदारानं वाडा म्हंजे पाटलाचा वाडा धरलं, तवा कृष्णातला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. एक शब्द बोलला असता तर पाटील सुटला असता. बोलला न्हाई. आन दोन वर्षांनी मंगल अजून वाट बघती म्हटल्यावर चिंचलीची जत्रा त्यानंच तयार केली. देऊळ, कानडी बाई, सगळं. अण्णाप्पा बिचारा त्या साली जत्रंला गेलाबी नव्हता.

सकाळी जीप आली तवा मंगल लुगडं बदलून उभी. मीबी येणार म्हणाली. बाई नको म्हणाली न्हाई.

कडेगावकडं जाईस्तोवर मुलूख बदलत गेला. जतचं पिवळं माळरान मागं पडलं, कालव्याचं पाणी लागलं, आन मग दोन्ही अंगाला ऊस. कृष्णातनं मनात हिशेब केला होता. रानं सगळी बदलली. बांध मोडले, झाडं गेली. कुठलंबी दाखवलं तरी कोण सांगणार हाय. मशीन उकरील, काय निघणार न्हाई, बाई फाईल मिटील, आन अर्जुना पळपुटाच राहील. मंगल आठ दिवस फुगून राहील, मग भाकरी थापायला लागंल. त्येंना परत त्यो होईल.

रानवाला दादासो कदम बांधावर उभा होता. मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेला, मिशा ताठ, बोलणं अर्धं हिंदी. ऊस तोडून झाला होता, त्याच बुडख्यांवर खोडवा ठेवायचा होता, पर सरकारी काम म्हणून त्यानं रान दिलं. "खोदो," म्हणाला, "मगर माझी पाइपलाइन सांभाळून."

कृष्णातनं जागा दाखवली. ओढ्याच्या अंगाला, करंजाच्या झाडाजवळ. खरी जागा दोन पट्टे वर, विहिरीच्या बाजूला होती.

जेसीबी सुरू झाला. दहाला सुरू झाला तो एकपर्यंत. काळी माती निघाली, मग मुरूम, मग पिवळी माती. प्रत्येक बकेट वर आली की मंगल उठून उभी राहायची आन माती पसरस्तोवर बघायची. ऊन डोक्यावर, पदर सरकलेला, तिला भान न्हाई. कृष्णात चार हात लांब बसून तिच्याकडं बघत होता. सतरा वर्षांत तो तापानं फणफणला, एकदा विहिरीत पडून पाय मोडून आला, चार महिने हातरुणाला होता. तिनं सगळं केलं. पर असं कदी बघितलं न्हाई. मातीच्या ढेकळात ती ज्याला शोधत होती त्याचं काय शिल्लक असणार, दोन हाडं. त्या दोन हाडांचा कृष्णातला एवढा राग आला की त्यानं मुठीतलं ढेकूळ चुरून पीठ केलं.

दादासो येऊन गंमत करून गेला. हवालदार वडापाव वाटून गेला. मंगलनं आपला तसाच पदरात बांधला. फौजदारीण खड्ड्याच्या कडंनं फिरत होती, मदीच कृष्णातकडं बघायची.

एकच्या सुमाराला मंगल पाण्याची बाटली घेऊन त्याच्याजवळ आली. बाटली दिली. तो प्याला. ती शेजारी बसली, लोकांना पाठ करून.

"हितं न्हाई न्हवं," ती म्हणाली.

कृष्णातनं तोंड पुसलं. मला काय ठावं, म्हणाला. एवढ्या वर्षांनी कुणाला आठवतंय.

"तुमी खोटं बोलताना डाव्या हाताचा अंगठा मुठीत घेता. संयोगितेच्या फीला मेंढरू इकलं आन मला मेलं म्हणून सांगितलं, तवाबी घेतला व्हता. पाय मोडला तवा दुखत न्हाई म्हणालात, तवाबी. काल चिंचलीचं सांगताना घेतला. आताबी घेतलाय."

कृष्णातनं खाली बघितलं. अंगठा मुठीतच होता.

"एकोणीस वर्सं मी त्येंच्यावर चिडून काढली," मंगल म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, भाजीचं मीठ इचारावं तसा होता. "आन सतरा वर्सं तुमच्या तोंडाकडं बघून काढली. त्येंचं तोंड मला आता नीट आठवतबी न्हाई. तुमचं पाठ हाय."

कृष्णातच्या मनात काय झालं ते त्याला सांगता आलं नसतं. त्याला वाटायचं, आपल्या घरात ही नुसती राहती, बघती दुसरीकडंच. आन ही सतरा वर्षं त्याचा अंगठा मोजत होती. ज्याची वाट बघून तो म्हातारा व्हायला लागला, ते त्याला कवाच मिळालं होतं. आन ते कळलं कवा, तर जाणार त्या वक्ताला.

तो उठला. गुडघे कडकडले. खड्ड्याला वळसा घालून तो वर गेला, एक पट्टा, दुसरा पट्टा. विहिरीपासून पावलं मोजली. थांबला आन उजवी चप्पल काढून जमिनीवर ठेवली.

"बाई, हितं उकरा," म्हणाला. "वाघर हितं व्हती. नऊ रात्री."

दादासो लांबनं बघत होता, तो भराभर आला. त्याच्या मिशा हलायला लागल्या. "अरे हां, यही जगह. त्या साली हितला शाळू पुरुषभर वाढला आन कणीस एक न्हाई, नुसता कडबा. खताचा भार झालेला. मी कोंडीबाला लय शिव्या दिल्या की वाघर का सरकवली न्हाई. तर म्हणतो कसा, मेंढरं आजारी हायत."

चौथ्या बकेटला घोंगडीचा काळा चोथा आला. बाईनं मशीन थांबवलं आन माणसं खाली उतरवली, खुरप्यांनी आन हातांनी. चार वाजता कवटी निघाली. मागच्या बाजूला कुऱ्हाडीचं पातं मावंल एवढी फट. कमरेच्या जागी चांदीचा करदोडा, काळा पडलेला. मंगलनं तो बघितला आन खाली बसली. रडली न्हाई. हातानं माती सपाट करत राहिली, हातरूण घालावं तशी. कृष्णात तिच्याजवळ गेला न्हाई. एका पायात चप्पल घालून लांब उभा राहिला.

जीप कोंडीबा गडदेच्या दारात गेली तवा तो बाजेवर होता. ऐंशी वय, डोळ्यांत फुलं पडलेली. बाईनं फक्त वाघरीचं इचारलं. तो म्हणाला, "बरं झालं. एवढी वर्सं लोकं पाटलाचं इचारत व्हती. वाघरीचं कुणी इचारलं न्हाई." तीन मेंढरांपायी केलं असं म्हणाला आन कुणी सांगितल्याबिगर घोंगडं उचलून जीपकडं चाचपडत निघाला.

ठाण्यात कृष्णातचा पुरवणी जबाब झाला. बाईनं लिहिला, सावकाश वाचून दाखवला, प्रत्येक ओळीला बरोबर का म्हणून इचारलं. मंगल दाराबाहेरच्या बाकड्यावर होती, दार उघडं. अंगठा लावायच्या आदी कृष्णात म्हणाला, अजून एक लिवा. चिंचलीच्या जत्रंत अर्जुनाला बघितल्याचं मी खोटं सांगितलं व्हतं. अण्णाप्पानं न्हाई, मी.

बाई म्हणाली, त्याचा केसशी संबंध न्हाई काका.

"लिवा," कृष्णात म्हणाला. "माझा हाय."

बाईनं लिहिलं. मोठ्यानं वाचलं. आदीचं लपवल्याबद्दल काय व्हायचं ते कोर्टात होईल, असंबी बाईनं सांगितलं. कृष्णातनं मान हलवली.

वस्तीवर आल्यावर मंगल घरात गेली न्हाई. तीन घरं पुढं गेली, धोंडुबाईच्या दारात. म्हातारीनं बाहेर येऊन तिचा हात धरला. दोघी आत गेल्या. सुतक धरायचं तर सुनंनं सासूच्या घरात धरावं, म्हातारी म्हणाली असं लोकांकडनं कळलं. कुंकू पुसायचं की ठेवायचं ह्यावर बायकांत लय वाद झाला. एक नवरा मेलेला, एक जिता. शेवटी धोंडुबाईच म्हणाली, कुंकू ऱ्हाऊ द्या, त्या गड्यानं माझं पोरगं काढून दिलंय. उशिरा दिलंय, पर दिलंय.

तेरा दिवस कृष्णातनं एकट्यानं काढले. भाकरी करपल्या, काही कच्च्या राहिल्या. राहिलेली मेंढरं कातरली. एका चिरांच्या मेंढीला कोकरू झालं. त्यानं चाकू तापवला, हातात धरून बसला आन तसाच गार होऊ दिला. रोज संध्याकाळी तो अंगणात येऊन तीन घरांपलीकडं बघायचा. धूर दिसायचा. आता आपल्याला हाडांचाबी हेवा वाटायला जागा न्हाई, असं त्याला वाटायचं. आन तरी वाटायचाच. त्या घरात ती त्याच्या फोटोला हार घालत असंल, त्याच्या आईचं डोकं विंचरत असंल, आन हितं आपण करपलेली भाकरी खातोय.

चौदाव्या दिवशी सकाळी ती आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. हातात लाल फडकं. फडक्यात चांदीचा टाक, जतच्या सोनाराकडनं केलेला, अंगठ्याएवढा. घोड्यावर बसलेला फेटेवाला माणूस.

पाटाच्या बायकोनं पहिल्या मालकाचा टाक नव्या घरी आणावा लागतो, तिनं सांगितलं. देव्हाऱ्यात ठेवायचा. आन पूजा बाईनं न्हाई करायची, घरधन्यानं करायची. रोज. घरधन्याची मर्जी नसंल तर टाक आन बाई दोघांनीबी सासूच्या घरात ऱ्हायचं.

"काय करायचं त्ये तुमी सांगा," ती म्हणाली.

कृष्णात आत गेला. देव्हाऱ्यात त्याच्या बापाचा टाक, आज्याचा टाक, बिरोबा, सगळे काळे पडलेले. त्यानं चिंच भिजवली, राख घेतली. बाप घासला, आजा घासला, बिरोबा घासला. चकचकीत केले. मग बापाला जरा बाजूला सारून जागा केली आन हात पुढं केला. मंगल आत आली, टाक त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो तसाच मांडला, घासला न्हाई.

"त्याला चिंच न्हाई लावली," मंगल म्हणाली.

"नवाच हाय की त्यो."

"तुमाला तुमचे आबा त्याच्यापरीस उजळ पायजेत."

कृष्णातनं हातावरची राख झटकली.

"जळायचं तर जळा," ती म्हणाली. "मी नगं म्हणत न्हाई. पर माझ्याम्होरं जळा. लपून जळलात त्याला मी माफ केलं असं समजू नगा. ते कवा हुईल मला ठावं न्हाई."

त्यानं मान हलवली आन तांब्या उचलला. बापाच्या टाकावर पाणी घातलं, आज्याच्या घातलं, बिरोबाच्या घातलं. अर्जुनाच्या डोक्यावर धार धरली ती जरा बारीक धरली. मंगल बघत होती. टँकर दोन दिवस आला न्हाई, तो म्हणाला.

ती हसली न्हाई. पर उठूनबी गेली न्हाई. देव्हाऱ्याम्होरं त्याच्या शेजारी मांडी घालून बसली आन तांब्यातलं पाणी संपेस्तोवर तशीच बसून राहिली.